छायागावातलं रिकामं घर

वहिनी पुन्हा "नको" म्हणाली.

पडद्यावर ती ओट्यावर बसून शेपू निवडत होती. "मागच्या बाळंतपणात दवाखान्याचं पुरे झालं आम्हाला. आता बाळाला काही चिकटवायचं नाही," एवढं बोलून ती भाजीकडे वळली. शलाकाने बटण दाबलं. ओटा, शेपू, वहिनी, सगळं थोडं मागे गेलं. वहिनीने नुकतंच पाहिल्यासारखी मान वर केली आणि हसून विचारलं, "कधी आलीस गं?"

"आत्ताच," शलाका म्हणाली, आणि या खेपेला वेगळं वाक्य वापरून पाहिलं.

ही खरी वहिनी नव्हती. खरी वहिनी, ऋतुजा कातकाडे, नाशिकपासून तासाभरावर पिंपळदऱ्याला होती. तिचा नववा महिना भरत आला होता आणि तरीही ती द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये बसून पेट्या मोजायला जात होती. पडद्यावरच्या हिला केंद्रातले सगळे 'छाया' म्हणत.

केंद्र होतं शहराबाहेर, टेकडीच्या पायथ्याशी. निरनिराळ्या देशांतले तरुण संशोधक तिथे वर्षभर राहून अंमलबजावणीचं शास्त्र शिकत. लस सापडते, औषध सापडतं, एखादी साधी सवय जीव वाचवते हे सिद्ध होतं. तरी ते माणसांच्या घरात रुळायला दीड तप जातं. ते का, आणि तो काळ कमी कसा करायचा, हा या शास्त्राचा प्रश्न. अडचण एवढीच की याची प्रयोगशाळा म्हणजे नांदतं गाव. तिथे केलेली चूक दोन-तीन वर्षांनी लक्षात येते आणि तोवर गाव तुमच्यावर रुसलेलं असतं.

म्हणून छायागाव. गावकऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी, आरोग्य-फोनवर त्यांनी विचारलेले प्रश्न, वर्षानुवर्षांच्या मुलाखती, या सगळ्यांतून प्रत्येक माणूस कशाला काय म्हणेल याचा अंदाज बांधणारं एक प्रारूप यंत्राने घडवलं होतं. ग्रामसभेने ठराव करून परवानगी दिली होती. आता नवी योजना आधी छायागावात राबवायची, एका दुपारी तीन वर्षं पुढे पळवायची आणि कुठे अडतं ते पाहायचं. ज्या घरी अडेल तिथे बसून बोलायचा सराव करायचा. छाया कंटाळत नाही, रागावत नाही आणि मागचं काही लक्षात ठेवत नाही. तिला पटणारं वाक्य सापडलं की तेच घेऊन खऱ्या घरी जायचं.

शलाकाच्या गटाकडे 'टिकली' होती. जन्मल्यावर पुष्कळ बाळं पिवळी पडतात. जुन्या रक्तपेशी मोडून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं आणि बाळाचं यकृत अजून ते बाहेर टाकण्याइतकं तयार नसतं. बहुतेकांची कावीळ आपोआप ओसरते. थोड्यांची वाढत जाते, द्रव्य मेंदूपर्यंत पोचतं, आणि मग बहुधा पहिला घाव कानांवर बसतो. उपाय सोपा आहे. निळ्या उजेडात त्या द्रव्याचं रूप पालटतं आणि शरीर ते बाहेर टाकू शकतं. फक्त वेळेत कळायला हवं. टिकली म्हणजे कातडीवर चिकटणारा एक गोल ठिपका. ती कातडीत उजेड सोडायची, परत येणाऱ्या उजेडातला पिवळेपणा मोजायची, शिवाय अंगाची ऊब आणि हृदयाचे ठोकेही. ती मुद्दाम काळी केली होती, तीट लावल्यासारखी दिसावी म्हणून, आणि लावायची जागा होती कपाळ. हे ज्यांना सुचलं त्यांचं केंद्रात फार कौतुक झालं होतं. छायागावाने टिकली जवळजवळ एकमुखाने स्वीकारली होती.

अडलं होतं ते शलाकाच्याच माहेरच्या घरी.

तिच्या शेजारी चिसोमो बसली होती. मलावीची, उंच, हसरी. ती तिच्या भाषेत बोलायची आणि गळ्यातलं यंत्र तिचं मराठी करायचं. पण त्या यंत्राला कुणी कुठलं मराठी शिकवलं होतं देव जाणे. "हे सखी," यंत्र म्हणालं, "तुझ्या भ्रातृजायेचे मन वळविणे हे पर्वत हलविण्यासमान दिसते."

"खरी याहून हट्टी आहे," शलाका म्हणाली.

आणि मग तिला ते वाक्य सापडलं. "वहिनी, आर्वीच्या वेळी हे असतं ना, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

पडद्यावरच्या वहिनीचे हात शेपूवर थांबले. "खरंय," ती म्हणाली. "लाव."

आर्वी म्हणजे वहिनीची थोरली. आता सहा वर्षांची. तिची कावीळ उशिरा कळली. आता तिच्या कानामागे यंत्र असतं, त्यातून ती अर्धंमुर्धं ऐकते, आणि उरलेलं आईच्या ओठांवरून वाचते.

* * *

मुलगा झाला. तिसऱ्या दिवशी बाळबाळंतीण घरी आली आणि शलाका सुट्टी काढून गेली. खोलीत ओव्याची धुरी होती. दादा दारात उभा राहून आत डोकावत होता आणि आई त्याला हाकलत होती, "तुझं काय काम रे बायकांत? जा, फवारणी राहिलीय ना?"

वहिनी उशीला टेकून बसली होती. "आलीस? ये. बघ, नाक तुझ्यावर गेलंय. गरिबाचं कसं व्हायचं!"

"माझं नाक बरं आहे म्हटलं."

"नाकाला काय धाड भरलीय, तू ते सगळीकडे खुपसतेस तेवढंच."

दोघी हसल्या. त्या एकाच शाळेत एका वर्षाच्या अंतराने शिकलेल्या. दादाचं स्थळ शलाकानेच तिला सुचवलेलं. मग शलाकाने पिशवीतून डबी काढली, टिकली दाखवली, आणि ठरलं होतं तसं सगळं सांगितलं. वहिनी ऐकत राहिली. शेवटी शलाका म्हणाली, "वहिनी, आर्वीच्या वेळी हे असतं ना, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं."

वहिनीच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं. ओसरीवर आर्वी आगपेटीच्या काड्यांचं घर करत होती. वहिनीने तिच्याकडे बघितलं, मग बाळाकडे.

"लाव," ती म्हणाली.

अगदी छायेसारखंच. शलाकाने टिकली लावली, फोनवर हिरवी खूण उमटली. निघताना ती वाकून वहिनीच्या कपाळावरचे केस मागे सारायला गेली, तेव्हा वहिनी म्हणाली, "शलू, एक विचारू? तू आज माझ्याशी बोलत होतीस की पाठ म्हणून दाखवत होतीस?"

"म्हणजे?"

"काही नाही. जा, एसटी चुकेल."

* * *

"हे सखी, एक आश्चर्य अवलोकन कर," सहाव्या दिवशी सकाळी चिसोमोचं यंत्र म्हणालं. "तुमच्या ग्रामी शिशू एका दिवसात प्रौढ होतात काय?"

शलाका तिच्या पडद्याकडे वाकली. कातकाडे, पिंपळदरे. पिवळेपणा कालपासून झपाट्याने उतरलेला. खूण हिरवीगार. "चांगलं आहे की."

चिसोमोने बोट दुसऱ्या आकड्यावर ठेवलं. ठोके. मिनिटाला अठ्ठ्याहत्तर.

नवजात बाळाचं हृदय चिमणीसारखं धावतं, सव्वाशे, दीडशे. अठ्ठ्याहत्तर हे मोठ्या माणसाचं हृदय. शांत बसलेल्या, किंवा बाळाला पाजत असलेल्या बाईचं.

टिकली बाळाच्या अंगावर नव्हती. ती वहिनीच्या अंगावर होती.

मग दोघींनी गावातल्या बाकीच्या बाळांच्या मूळ नोंदी उघडल्या. आणखी चार घरी तेच दिसलं. पाचव्या किंवा सहाव्या दिवशी ठोके एकदम मंद झालेले आणि दिवसा-दोन दिवसांनी पुन्हा जलद. छायागावाच्या यंत्राने हा तुकडा मोजमापाची चूक समजून गाळला होता, आणि अलीकडच्या-पलीकडच्या आकड्यांवरून मधली रेघ स्वतःच ओढली होती. एवढी सुबक ओढली होती की कुणाला संशयही येऊ नये. तीच रेघ खाऊन छायागाव शहाणं होत होतं.

प्रशिक्षणाच्या प्रमुख डॉ. यास्मिन इनामदार चहाचा कप घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी सगळं बघितलं. "छायेला विचारलंस?"

शलाकाने छायागावातलं आपलं घर उघडलं. "वहिनी, टिकली काढलीस का गं?"

"नाही बाई," छाया म्हणाली, "आहे ना लावलेली."

"का काढली असेल, हे शोधायला दुपार लागेल," यास्मिनमॅडम म्हणाल्या. "सराव करून जा. घाईत गेलीस तर दार बंद होईल."

"मागच्या वेळी सराव करूनच गेले होते, मॅडम." शलाकाने पिशवी खांद्याला अडकवली. "आणि बाळ कालपासून मोजमापाविना आहे."

* * *

वहिनीने पदराखालून डावा हात काढला. मनगटावर, बांगड्यांच्या वर, टिकली होती.

"नुसती काढून ठेवली असती तर आशाताईच्या फोनवर घंटा वाजते म्हणे," ती म्हणाली. "ती बिचारी उन्हातान्हात धावत यायची. म्हणून लावून घेतली. उद्या परत बाळाला लावणार होते."

शलाकाला ओरडावंसं वाटत होतं. पण बाळ मांडीवर झोपलं होतं आणि वहिनीचा आवाज इतका साधा होता की ओरडणार कुणावर? ती खाली चटईवर बसली. तिच्याजवळ एकही तयार वाक्य नव्हतं.

"मला सांगशील?" एवढंच ती म्हणाली.

बाहेर आई पाटा धूत होती, त्याचा आवाज येत होता.

"आज सटी आहे," वहिनी म्हणाली. "सटवाई यायची. कपाळावर लिहायला. काल पाचवी होती, तेव्हापासूनच कपाळ स्वच्छ हवं. त्यावर हे काळं झाकण ठेवून मी तिला काय सांगू, बाजूने लिही म्हणून?"

"वहिनी, तू बारावी सायन्स..."

"बारावी सायन्सच आहे मी. ऐक ना." तिने बाळाची टोपी सारखी केली. "आर्वीच्या सटीला आर्वी कुठे होती? दवाखान्यात पेटीत, निळ्या उजेडाखाली. डोळ्यांना उजेड लागू नये म्हणून काळी पट्टी बांधलेली, ती पार वर कपाळापर्यंत. मी काचेबाहेर उभी. घरी पाटा मांडला नाही, कोरा कागद ठेवला नाही, काही नाही. मला माहीत आहे गं, कान आधीच गेले होते, पट्टीनं नाही गेले. बिलिरुबिन कसं चढतं ते मी तुझ्याहून जास्त वेळा वाचलंय. पण पोरगी पाठमोरी असताना मी हाक मारते आणि ती वळत नाही, तेव्हा दर वेळी मनात येतं, आली असेल सटवाई त्या दिवशी. हातात लेखणी घेऊन उभी राहिली असेल. आणि तिला कपाळच सापडलं नसेल."

शलाकाने तिचा हात धरला. टिकली असलेलाच हात.

"आणि तू येऊन म्हणालीस, आर्वीच्या वेळी हे असतं तर. शलू, ते वाक्य मी रोज स्वतःला म्हणते. तुझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं मला."

"ते वाक्य मला यंत्रात सापडलं," शलाका म्हणाली. मग तिने सगळं सांगितलं, छायागाव, ओटा, शेपू, पुन:पुन्हा मागे नेलेली ती दोन मिनिटं.

वहिनीचे डोळे मोठे झाले. "म्हणजे तिथं एक मी आहे? आणि तू तिच्याशी गप्पा मारतेस?"

"हं."

"शहाणी आहे का माझ्यापेक्षा?"

"नाही. लवकर हो म्हणते."

वहिनीला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. "आणि सटवाईचं तिनं सांगितलं नाही?"

"तिला ठाऊकच नाही. तुम्ही कुणी डॉक्टरांपुढे हे कधी बोलला नाहीत, मग तिला कुठून कळणार?"

"बोलू कशाला? हसतात."

शलाका हसली नाही. तिने बाळाचं झबलं वर केलं आणि छातीवर बोट हलकेच दाबून उचललं. दाबलेल्या जागी कातडी क्षणभर पांढरी व्हायला हवी होती. ती हळदीसारखी पिवळी दिसली.

"वहिनी, टिकली छातीवर लावली तर? छातीवरही तेवढंच नीट मोजता येतं. कपाळावर लावायची ती फक्त तिटेसारखी दिसावी म्हणून. तुम्हाला बरं वाटावं म्हणून केलं होतं."

वहिनी तिच्याकडे बघतच राहिली. "आम्हाला बरं वाटावं म्हणून," ती सावकाश म्हणाली. "तीट तरी आम्ही मधोमध कुठं लावतो गं? गालाला लावतो, कानामागं लावतो. एकदा विचारायचंत."

तिनेच मनगटावरची टिकली सोडवली. चिकटपणा अजून शाबूत होता. शलाकाने ती बाळाच्या छातीच्या हाडावर बसवली. ठोके एकशे चाळीसच्या पुढे गेले. आणि खूण लाल झाली.

वहिनीने खिडकीबाहेर बघितलं, जिथे आई धुतलेला पाटा उन्हाला लावत होती.

"परत पेटी," ती म्हणाली. "परत पट्टी. आजच." तिने बाळाला छातीशी असं धरलं की शलाकाला वाटलं, आता ती नाही म्हणणार. पडद्यावरची असती तर शलाकाने बटण दाबून मागे नेलं असतं. इथे मागे जाता येत नव्हतं. ती नुसती थांबली.

"गाडी काढायला सांग दादाला," वहिनी म्हणाली. "पण तू माझ्याबरोबर राहा."

* * *

तालुक्याच्या दवाखान्यात आता पेटीखेरीज उजेडाचं पांघरूणही होतं. बारीक काचतंतूंनी विणलेलं, मऊ, निळं. ते बाळाच्या पाठीखाली घालून पोटाभोवती गुंडाळायचं. उजेड थेट कातडीला लागतो, डोळ्यांपर्यंत जात नाही. शलाकाने सिस्टरना विचारलं, "याला डोळ्यांवर पट्टी लागते?"

"नुसत्या पांघरुणाला नाही लागत. रक्त तपासू, आकडा फार वर नसेल तर यावरच ठेवू. डॉक्टर काय म्हणतात बघूया."

आकडा वर होता, पण फार वर नव्हता. वेळेत आला होता. डॉक्टरांनी मान डोलावली.

दिवेलागणीला आई आर्वीला घेऊन आली. पिशवीत सटीचं सामान होतं: पाटा घरी राहिला, वरवंटा मात्र तिने आणला होता. खाटेशेजारच्या लोखंडी कपाटावर तिने नवं फडकं अंथरलं, वरवंट्याला हळदकुंकू लावलं, लाडू ठेवला. सिस्टर दारातून बघत होत्या.

"दिवा पेटवायचा नाही हं, आजी, इथे ऑक्सिजन आहे," त्या म्हणाल्या. "बाकी सटवाईबाईंना काय लिहायचं ते लिहू द्या."

आईने कोरा कागद ठेवला आणि पिशवी चाचपली. "अगं बाई, लेखणीच राहिली."

शलाकाने आपलं पेन काढून कागदावर ठेवलं. आर्वीने ते उचलून सरळ केलं, टोक बाळाकडे. मग आपल्या आईच्या ओठांकडे बघून विचारलं, "कोण लिहिणार?"

"पाहुणी येणार आहे," वहिनी तिच्याकडे तोंड करून, सावकाश म्हणाली. "आपण झोपलो की येते."

बाळ निळ्या उजेडात कासवासारखं हातपाय हलवत होतं. त्याचं कपाळ उघडं होतं, घामाने किंचित ओलं. वहिनीने ते पदराने टिपलं.

* * *

टिकलीची जागा बदलली. यंत्राने गाळलेले ते मंद ठोके यास्मिनमॅडमनी परत नोंदीत घ्यायला लावले आणि संशोधकांना त्या चारही घरी पाठवलं, सराव न करता. चिसोमो पुढच्या महिन्यात मायदेशी निघाली. "तुमच्या ग्रामी टिकली कोठे लावावी?" शलाकाने गंमतीने यंत्राच्या मराठीत विचारलं.

"न जाणे," यंत्र म्हणालं. चिसोमोने ते गळ्यातून काढलं आणि वर्षभरात शिकलेल्या मोडक्या मराठीत स्वतः म्हणाली, "जाते. विचारते."

राहिली वहिनीची छाया. तिच्यात आता सटवाई भरायची, म्हणजे ती अचूक होईल, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. शलाकाने पिंपळदऱ्याला जाऊन वहिनीला विचारलं. ग्रामसभेच्या ठरावात एकेकाला विचारायचं राहून गेलं होतं.

वहिनी बाळाच्या अंगाला तेल चोळत होती. "तिला सगळं कळलं म्हणजे तू इकडं कशाला येशील?" ती म्हणाली. "नको. माझी उत्तरं तिथं ठेवू नकोस."

म्हणून छायागावात आता एक घर रिकामं आहे. ओटा आहे, शेपूची जुडी आहे, बसायला कुणी नाही. नव्या तुकडीचे संशोधक तिथे अडतात आणि तक्रार घेऊन शलाकाकडे येतात.

"मॅडम, या घरी कुणी उत्तरच देत नाही. सराव कसा करायचा?"

"सीबीएस स्टँडवरून पिंपळदऱ्याची गाडी मिळते," शलाका सांगते. "पोचल्यावर चहा मिळेल. उत्तराचं मी सांगू शकत नाही."